तीस पौंडांतले हॅलोवीन क्विझ

पब-क्विझ, म्हणजे पबमध्ये टेबलाटेबलांच्या संघांनी खेळायची प्रश्नमंजुषा, हा इंग्लंडमधला फार जुना रिवाज असावा असे बाहेरून आलेल्या माणसाला वाटते, पण त्याचे आजचे रूप पन्नासेक वर्षांपलीकडचे नाही. १९७६ च्या सुमारास शॅरन बर्न्स आणि टॉम पोर्टर या दोघांनी दक्षिण इंग्लंडमधल्या पबांत संघांच्या क्विझ-स्पर्धा भरवायला सुरुवात केली. हेतू अगदी धंद्याचा होता: आठवड्याच्या ज्या संध्याकाळी पब ओस पडतात, त्या संध्याकाळी लोकांनी आत यावे, दोन-अडीच तास बसावे आणि बसल्या बसल्या पीत राहावे. हे मूळ ध्यानात ठेवले की कमी पैशांत क्विझ कसे करावे या प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळून जाते. जागा, टेबले, माईक, खडूने लिहायचा फळा आणि नेहमीचे गिऱ्हाईक हे सगळे पबचे असते. क्विझ घेणाऱ्याने आणायचे ते प्रश्न, आणि प्रश्नांना पैसा लागत नाही, वेळ लागतो.

मी उत्तर इंग्लंडमधल्या लँकेस्टरमध्ये राहते. आमच्या वस्तीतल्या पबच्या मालकीणबाईंनी हॅलोवीनचे क्विझ घेशील का असे मला विचारले, तेव्हा त्यांनी त्यासाठी तीस पौंड बाजूला काढून ठेवले होते आणि जमणारी प्रवेश-फी गरजूंना फुकट शिधा देणाऱ्या गावातल्या फूड बँकेला द्यायची हेही ठरवले होते. तीस पौंडांत इथे दोघांचे साधे जेवण होते. तेवढ्यात सजावट, छपाई आणि बक्षिसे बसवायची होती. मी बरीच वर्षे इथल्या क्विझना स्पर्धक म्हणून बसत आले आहे, त्यामुळे कागद-पेन्सिल हातात घेऊन बसलेल्यांना कशाचा कंटाळा येतो हे मला चांगले ठाऊक होते.

पहिली बचत दिवस निवडतानाच होते. ३१ ऑक्टोबरच्या, म्हणजे खुद्द हॅलोवीनच्या, संध्याकाळी लहान मुलांचे आईबाप पोरांना भुताखेतांचे वेष चढवून गल्लीत दारोदार फिरवत असतात, आणि तरुण मंडळी जिथे नाचगाणे असेल तिकडे वळतात. त्या रात्री छोट्या पबने गर्दी खेचायची म्हणजे जाहिरातीवर खर्च आला. त्याऐवजी त्याच आठवड्यातला मंगळवार धरला, तर दाराच्या काचेवर चिकटवलेला हाताने रंगवलेला एक कागद पुरतो. शिवाय ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळे तासभर मागे जातात आणि पाचच्या आतच अंधारू लागते, त्यामुळे वातावरणनिर्मितीचे निम्मे काम सरकारच करून देते.

एखाद्या विषयाला वाहिलेल्या क्विझचा मोठा धोका असा की ते त्या विषयाच्या भक्तांचे होऊन बसते. भयपटांवर पन्नास प्रश्न काढणे सर्वांत सोपे आहे आणि, माझ्या मते, सर्वांत आळशीपणाचे. ज्या टेबलावर असा एखादा शौकीन बसला असेल ते टेबल पहिल्या फेरीतच पुढे निघून जाते, आणि बाकीची टेबले दुसऱ्या ग्लासानंतर आपापल्या गप्पांत शिरतात. आमच्या पबमध्ये एका कोपऱ्यात निवृत्त शिक्षकांचे टेबल असते, खिडकीपाशी रुग्णालयातल्या नर्स बसतात, मध्ये विद्यापीठातले विद्यार्थी, आणि दाराजवळ दिवसभर घरांची कामे करून आलेले प्लंबर आणि सुतार. या सर्वांना एकाच संध्याकाळी गुंतवून ठेवायचे असेल तर हॅलोवीनचा उपयोग वाटेसारखा करावा लागतो. सांगाड्यावरून शरीरशास्त्राकडे जाता येते, रक्तावरून समुद्रातल्या प्राण्यांकडे, भोपळ्यावरून वनस्पतींकडे, चेटकिणींवरून कायद्याच्या इतिहासाकडे आणि तारखेवरून जगात कोठेही. भयपटांवरचे प्रश्न मी दोनच ठेवले, तेही ज्यांनी तो चित्रपट पाहिलेला नाही त्यांनाही ऐकून माहीत असतील असे.

पहिली फेरी चित्रांची होती, कारण चित्रांचा कागद आधीच टेबलांवर ठेवता येतो आणि उशिरा येणाऱ्यांची वाट पाहण्यातला वेळ सत्कारणी लागतो. नटनट्यांचे रंगीत फोटो छापायचे तर शाई महाग, आणि फोटोंचे हक्कही दुसऱ्याचे. म्हणून मी प्राण्यांचे सांगाडे घेतले. एकोणिसाव्या शतकातल्या प्राणिशास्त्राच्या ग्रंथांत सांगाड्यांची अप्रतिम कोरीव चित्रे आहेत. त्यांच्यावरचा स्वामित्वहक्क केव्हाच संपला आहे, मोठ्या ग्रंथालयांनी ती सर्वांना खुली करून ठेवली आहेत, आणि मुळातच काळ्या रेषांची असल्यामुळे साध्या झेरॉक्समध्येही ती स्वच्छ उमटतात. जिराफ, साप आणि कासव सर्वांना येतात. बेडूक आणि घोडा थोड्या विचारानंतर येतात. देवमाशाच्या वल्ह्यासारख्या पुढच्या अवयवात हाताच्या बोटांसारखी हाडांची ओळ दिसते, आणि तिथे टेबलावर वाद सुरू होतो. घुबड मात्र फार थोड्यांना ओळखता आले, कारण पिसांचा सगळा थाट उतरला की आत एक किरकोळ अंगाचा, लांब पायांचा पक्षी उरतो. उत्तरे सांगताना जिराफाच्या एवढ्या लांब मानेतही माणसाइतकेच सात मणके असतात हे जाता जाता सांगितले. उत्तराला अशी एखादी जोड दिली की हरलेल्या टेबलालाही काही हाती लागल्यासारखे वाटते.

पुढची फेरी हाडांची, रक्ताची आणि भोपळ्याची होती. प्रौढ माणसाच्या शरीरात २०६ हाडे असतात हे अनेकांना पाठ असते, म्हणून तो आकडा प्रश्नातच देऊन टाकला आणि विचारले की त्यांतली निम्म्याहून अधिक हाडे हातापायांच्या पंजांत असतात, हे खरे की खोटे. उत्तर खरे असे आहे: मनगटासह दोन्ही पंजांत ५४ आणि घोट्यासह दोन्ही पावलांत ५२, मिळून १०६. नर्सच्या टेबलाला ते येणारच होते, पण बाकीची टेबले स्वतःच्या बोटांची पेरे मोजू लागली, आणि क्विझमध्ये मला सर्वांत प्रिय असतो तो हाच प्रकार: उत्तर पाठ नाही, पण बसल्या जागी काढता येते. त्यानंतरचा प्रश्न फसवा होता. रक्तावर जगणाऱ्या वटवाघळांच्या किती जाती ट्रान्सिल्व्हेनियात आढळतात? एकही नाही. अशा जाती जगात तीनच आहेत आणि तिन्ही मेक्सिकोपासून दक्षिण अमेरिकेपर्यंतच्या पट्ट्यात राहतात. तीन हृदये आणि निळे रक्त असलेला प्राणी कोणता, याचे उत्तर ऑक्टोपस. आणि काकडी, कलिंगड, कूर्जेट (म्हणजे झुकिनी) व वांगे यांतले भोपळ्याच्या कुळातले नसलेले कोणते, याचे उत्तर वांगे, कारण वांग्याचे कूळ बटाटा-टोमॅटोचे आणि जुन्या विषप्रयोगांच्या कथांतून गाजलेल्या बेलाडोनाचे. कोरण्याचा नारिंगी भोपळा आणि इथे रोजच्या भाजीत पडणारे कूर्जेट हे तर वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एकाच जातीचे आहेत, हे ऐकून शिक्षकांच्या टेबलानेही भुवया उंचावल्या.

तारखेची फेरी जुळवायला सर्वांत सोपी गेली. ३१ ऑक्टोबर या एकाच दिवशी जगात काय काय घडले एवढेच शोधायचे होते. १५१७ मधले मार्टिन लूथरचे ९५ मुद्दे, १७९५ मध्ये जन्मलेला कवी जॉन कीट्स, १९२६ मध्ये डेट्रॉइटला मरण पावलेला हॅरी हुडिनी, आणि २०११ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने जगाची लोकसंख्या सात अब्जांवर गेल्याचा दिवस म्हणून धरलेली तारीख. हुडिनीचा प्रश्न सर्वांना येतो आणि लूथरचा शिक्षकांना. लोकसंख्येचा आकडा अंदाजाने लिहिता येतो. यातच मी थोडा पक्षपात करून घेतला: २०१८ च्या ३१ ऑक्टोबरला जगातल्या सर्वांत उंच पुतळ्याचे अनावरण झाले, तो कोणत्या देशात आहे? गुजरातमधला सरदार पटेलांचा १८२ मीटरचा पुतळा इथे फार कमी लोकांच्या ऐकिवात आहे, आणि निम्म्या टेबलांनी चीन लिहिले. पटेलांचा जन्म १८७५ मधल्या त्याच तारखेचा, म्हणून अनावरणासाठी तो दिवस निवडला गेला, हेही सांगता आले. १९८४ मध्ये याच तारखेला इंदिरा गांधींची हत्या झाली. तो प्रश्न मी काढला नाही. हातात ग्लास घेऊन हसत उत्तर द्यावे अशी ती गोष्ट नव्हे.

हाच संकोच चेटकिणींच्या फेरीत अधिक बाळगावा लागला, कारण लँकेस्टरमध्ये हा विषय दंतकथेचा नाही. येथल्या किल्ल्यात १६१२ च्या ऑगस्टमध्ये जादूटोण्याच्या आरोपांवरून खटले चालले आणि २० ऑगस्टला दहा जणांना फाशी देण्यात आले. त्यांतले बहुतेक जण पेंडल टेकडीच्या परिसरातले गरीब लोक होते, आणि मुख्य साक्षीदारांपैकी एक जेनेट डिव्हाइस ही नऊ वर्षांची मुलगी होती, जिने आपल्याच आई आणि भावाविरुद्ध साक्ष दिली आणि त्या दोघांना दोषी ठरवण्यात आले. टोकदार टोप्या आणि झाडूंच्या थट्टेत हे बसत नाही. म्हणून या फेरीत मी विनोद केला नाही, आणि लोकांच्या डोक्यातले गैरसमज दूर करणारे प्रश्न विचारले. इंग्लंडमध्ये जादूटोण्यासाठी दोषी ठरलेल्यांना सामान्यतः कोणती शिक्षा होत असे? जवळजवळ सर्व टेबलांनी जाळणे असे लिहिले, पण इंग्लंडच्या कायद्यात ती शिक्षा फाशीची होती. जाळण्याची प्रथा स्कॉटलंडमध्ये आणि युरोपात. अमेरिकेतल्या सेलमच्या १६९२ च्या खटल्यांतही १९ जणांना फाशीच दिले गेले. लँकेस्टरच्या दहांमध्ये पुरुष किती, याचे उत्तर दोन. आणि हलका शेवट म्हणून एवढेच की तो किल्ला तुरुंग म्हणून अलीकडे कोणत्या वर्षापर्यंत वापरात होता: २०११. बाहेरगावच्या विद्यार्थ्यांवर या प्रश्नाने अन्याय झाला खरा, पण गावच्या पबमधल्या क्विझमध्ये एखादा प्रश्न तरी गावकऱ्यांच्या हक्काचा असला पाहिजे.

याच फेरीची तयारी करताना उत्तरे पडताळण्यात सर्वांत जास्त वेळ गेला. हेलन डंकन नावाच्या, मृतात्म्यांशी बोलण्याचा दावा करणाऱ्या बाईंना १९४४ मध्ये १७३५ च्या जादूटोणा कायद्याखाली शिक्षा झाली, ही गोष्ट क्विझमध्ये हमखास विचारली जाते आणि हमखास चुकीची विचारली जाते. त्या ब्रिटनमधल्या शेवटच्या शिक्षा झालेल्या चेटकीण, असे उत्तर सर्रास छापलेले सापडते. प्रत्यक्षात तो कायदा चेटकीण असण्याबद्दल नव्हताच, तशा शक्ती असल्याची बतावणी करण्याबद्दल होता, आणि डंकनबाईंनंतर त्याच वर्षी आणखी एका बाईंना त्याच कायद्याखाली दोषी ठरवले गेले, मात्र त्यांना तुरुंगवास झाला नाही. म्हणून प्रश्न असा लिहावा लागला: १७३५ च्या कायद्याखाली १९४४ मध्ये तुरुंगात गेलेल्या हेलन डंकन यांचा व्यवसाय काय होता? शब्द थोडे जास्त झाले, पण वाद घालायला जागा उरली नाही. बाजारात तयार क्विझचे संच स्वस्तात मिळतात. मी ते घेत नाही, कारण त्यांतल्या चुका एकाच्या दुसऱ्यात उतरत जातात, आणि नियमित खेळणाऱ्या टेबलांना ते प्रश्न आधीच भेटलेले असतात.

आवाजाच्या फेरीसाठी गाणी वाजवायला हरकत नव्हती, कारण सार्वजनिक ठिकाणी संगीत वाजवण्याचा परवाना पबकडे होता. ज्या जागेकडे तो नसेल तिथे मात्र आधी विचारून घ्यावे. तरीही मी गाणी घेतली नाहीत. हॅलोवीनची ठरावीक पाच-सहा गाणी दुकानांतून महिनाभर वाजून वाजून लोकांच्या कानांना विटलेली असतात. त्याऐवजी रात्री घरात ऐकू येणारे आणि दचकवणारे आवाज मी फोनवर टिपून घेतले: तापू लागलेल्या रेडिएटरची टकटक, फ्रिजचे मध्येच थरथरून थांबणे, दारातल्या मांजराच्या झडपेचा खटका, बॉयलर पेटताना होणारा धप्प आवाज, मागच्या अंगणातल्या कोल्ह्याची किंकाळी. कोल्ह्याच्या किंकाळीला अनेकांनी तान्हे मूल लिहिले. दाराजवळच्या प्लंबरमंडळींनी बॉयलरच्या आवाजावरून त्याला दुरुस्तीची गरज आहे असेही लिहून दिले, त्याचा अर्धा गुण जास्त द्यावा लागला. टॉनी घुबडाची इंग्रजी पुस्तकांत छापली जाणारी साद ही खरे तर दोन पक्ष्यांची असते, मादीची तीक्ष्ण हाक आणि तिला नराचे लांबट उत्तर, म्हणून त्या आवाजाला किती पक्षी असे विचारले. आणि एक आवाज माझ्या स्वयंपाकघरातला होता: कुकरची शिट्टी. जवळच्या कार्नफोर्थला वाफेची इंजिने अजून ठेवलेली आहेत, त्यामुळे बहुतेक टेबलांनी बेधडक आगगाडी लिहिली. विद्यार्थ्यांच्या टेबलावर हैदराबादचा एक मुलगा होता. तो शिट्टी ऐकताच उठून उभाच राहिला.

मध्यंतरात बंद पेट्यांचा खेळ ठेवला होता. बुटांच्या रिकाम्या पेट्यांना हात जाईल एवढे भोक पाडले, आतून जुन्या मोज्याची बाही चिकटवली, आणि प्रत्येक टेबलावरून एकाने येऊन फक्त स्पर्शावरून वस्तू ओळखायची. इथे सोललेली द्राक्षे म्हणजे डोळे आणि थंड स्पॅगेटी म्हणजे आतडी हा नेहमीचा प्रकार शाळकरी मुलांनाही पाठ झाला आहे. आपल्या घरात त्यापेक्षा सरस माल असतो. भिजवलेला साबुदाणा, नारळाची शेंडी, कोळण्यासाठी भिजत घातलेली चिंच आणि डब्यातली लिची एवढ्यावर फेरी उभी राहिली. नारळाच्या शेंडीला हात लागताच एक धिप्पाड सुतार चक्क मागे सरला. साबुदाणा कोणाला ओळखता येणार नाही असा माझा अंदाज होता, पण निवृत्त शिक्षकांनी तो क्षणात ओळखला, कारण त्यांच्या लहानपणी शाळेच्या जेवणात टॅपिओकाची खीर असे आणि मुले तिला बेडकाची अंडी म्हणत. ओल्या वस्तू मी फ्रीझरच्या पातळ पिशव्यांत बांधून ठेवल्या होत्या. ओलसरपणाचा भास कायम राहतो, हात खराब होत नाहीत, आणि कोणाला एखाद्या पदार्थाची ॲलर्जी असली तरी धोका टळतो. अक्रोड, शेंगदाणे असले काही त्या पेट्यांत अजिबात घातले नाही. पेट्या मुद्दाम बारच्या टोकाला मांडल्या होत्या, त्यामुळे रांगेत उभे राहिलेले लोक ग्लास भरून घेऊनच परतले आणि मालकीणबाई खूश झाल्या.

प्रश्न कागदावर चांगला दिसणे आणि गोंगाटात ऐकू येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून सगळे प्रश्न आधी घरी मोठ्याने वाचून, ज्यांना उत्तरे माहीत नव्हती अशा मित्रमंडळींवर चालवून पाहिले. ज्या प्रश्नात नेमके काय विचारले आहे ते शेवटच्या शब्दाला कळते तो प्रश्न हमखास दुसऱ्यांदा वाचावा लागतो, तर विचारणा आधी आणि तपशील नंतर असा क्रम ठेवला तर एका वाचनात भागते. माझ्या मराठी वळणाच्या उच्चारात इंग्रजीतले दोन वेगळे 'व' एकच होतात आणि हॅलोवीनच्या शब्दांत ते दोन्ही पोत्याने भरलेले आहेत, तेव्हा अवघड नावे मी सरळ फळ्यावर लिहिली. दर दहा प्रश्नांत तीन-चार सर्वांना येणारे, चार-पाच वाद घालून निघणारे, आणि एखाद-दुसरा कुठल्या तरी एकाच टेबलाला येणारा, असे प्रमाण मला मानवते. सगळे प्रश्न अवघड काढले तर क्विझ घेणाऱ्याची हुशारी दिसते आणि बाकी कोणाचीच दिसत नाही. मोबाइलवर उत्तरे शोधू नयेत ही ताकीद इथे प्रत्येक क्विझला दिली जाते. पेट्यांच्या आणि आवाजांच्या फेऱ्यांत मोबाइलचा तसाही उपयोग नव्हता.

आता तीस पौंडांचा हिशेब. कोरायचे भोपळे ऑक्टोबरमध्ये सुपरमार्केटात ढिगाने असतात. तीन मध्यम भोपळे पाच पौंडांच्या आत आले. आत मेणबत्तीऐवजी बॅटरीचे छोटे दिवे ठेवले, त्यांना तीन पौंड पडले. पबमध्ये उघडी ज्योत मालकीणबाईंना नको होती आणि ते बरोबरच होते. उत्तरपत्रिका आणि सांगाड्यांचे कागद ग्रंथालयात काळ्या-पांढऱ्या प्रतीला दहा पेन्स या दराने काढले, त्यात आणखी तीन पौंड गेले. काळा कागद दोन पौंडांचा, लिची आणि चिंच मिळून चार पौंडांची. साबुदाणा आणि नारळ घरात होतेच. उरलेले तेराएक पौंड बक्षिसांना. नायलॉनची ताणून पसरायची कोळिष्टके दुकानांत स्वस्त मिळतात, पण ती मी घेतली नाहीत: दिसायला बेगडी, आणि उरलेली बाहेर कुंपणावर अडकली तर पक्षी त्यांत गुंततात. जुन्या पांढऱ्या चादरीच्या फाडलेल्या पट्ट्या आणि खिडकीच्या काचांवर काळ्या कागदाची वटवाघळे एवढ्याने काम भागले. आणखी काटकसर करायची असेल तर भोपळ्याऐवजी टर्निप, म्हणजे आपले सलगम, कोरता येते. आयर्लंड आणि स्कॉटलंडमध्ये जुनी चाल तीच होती, भोपळा अमेरिकेतून आला, आणि आमच्या जवळच्या हेशम बंदरातून बोटीने जिथे जाता येते त्या आइल ऑफ मॅन बेटावर ३१ ऑक्टोबरच्या हॉप-टू-ना या सणाला अजूनही टर्निपच कोरतात. मी एक कोरून पाहिले. ते भोपळ्यापेक्षा कितीतरी भेसूर दिसते, मात्र आतला गर इतका घट्ट असतो की चमचा वाकतो आणि मनगट दुखते.

प्रवेश-फी माणशी दोन पौंड ठेवली आणि एका संघात सहापेक्षा जास्त माणसे नकोत असा नियम केला. सहाच्या वर गेले की दोघे-तिघे नुसते बसून राहतात. क्विझ हा ज्ञानावर जिंकण्याचा खेळ असल्यामुळे त्यात जुगाराच्या कायद्याची अडचण येत नाही. सोडत काढायची म्हटली की ती लॉटरी ठरते आणि तिचे नियम वेगळे असतात, म्हणून सोडतीचा मोह टाळला. पहिल्या बक्षिसासाठी घरी पार्किन केले. ओट आणि काळी काकवी घातलेला हा आल्याचा केक लँकशायर आणि यॉर्कशायरमध्ये ५ नोव्हेंबरच्या गाय फॉक्सच्या, म्हणजे शेकोट्या-फटाक्यांच्या, रात्री खातात, आणि तो चार-पाच दिवस मुरल्यावरच चांगला लागतो, त्यामुळे आधी करून ठेवता येतो. डब्यावर त्यातल्या घटकांची चिठ्ठी चिकटवली. शेवटच्या क्रमांकाला इथल्या प्रथेप्रमाणे लाकडी चमचा, त्यावर घरच्या रंगाने काढलेली कवटी. खरे सांगायचे तर त्या चमच्याची ओढ पार्किनपेक्षा जास्त दिसली. विद्यार्थ्यांनी शेवटच्या फेरीत तो मिळवण्यासाठी मुद्दाम चुकीची उत्तरे लिहिली असा मला दाट संशय आहे.

पहिल्या क्रमांकावर नर्स आणि शिक्षक यांची बरोबरी झाली. अशा वेळेसाठी आकड्याचा एक प्रश्न राखून ठेवावा लागतो, जो जवळात जवळचे उत्तर देईल तो जिंकला. ब्रॅम स्टोकरच्या १८९७ च्या ड्रॅक्युला कादंबरीत काउंटचे जहाज यॉर्कशायरच्या ज्या व्हिटबी बंदराला लागते, तिथल्या टेकडीवरच्या सेंट मेरी चर्चकडे जाणाऱ्या पायऱ्या किती, असा तो प्रश्न होता. पायऱ्या १९९ आहेत. शिक्षकांनी दोनशे वीस लिहिले. नर्सच्या टेबलावर एक बाई व्हिटबीला वाढलेल्या निघाल्या आणि त्यांनी १९९ हा आकडा लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या. अशा प्रश्नाचे उत्तर तंतोतंत कोणालाच येऊ नये हे बरे, म्हणून पुढच्या वेळेसाठी मी दुसरा आकडा शोधते आहे.

फूड बँकेची पेटी मालकीणबाईंनी दुसऱ्या दिवशी पोचवली. कोरलेले भोपळे मी कंपोस्टमध्ये टाकले. ते रानात नेऊन ठेवले तर प्राण्यांचे भले होते अशी अनेकांची समजूत आहे, पण काटेचोरांचे (हेजहॉगांचे) पोट त्याने बिघडते आणि इथल्या वनसंस्था दरवर्षी तसे करू नका म्हणून सांगतात. कोरताना निघालेला गर फार पाणचट होता, घारग्यांच्या कामाचा नव्हता. त्याचे सूप केले आणि घारग्यांसाठी बटरनट जातीचा भोपळा आणला. सांगाड्यांच्या कागदांची मूळ प्रत आणि बुटांच्या पेट्या जपून ठेवल्या आहेत. मोरकॅमच्या एका पबने त्या मागितल्या आहेत. किल्ल्याचा प्रश्न बदलून घ्या एवढे त्यांना सांगितले आहे.